नोकरीचा शोध लांबला तर: आधी कागद, मग पैसा, मग वही

नोकरी सुटली की बहुतेकजण जुना रेझ्युमे काढतात, वरची तारीख बदलतात आणि दिवसाला चाळीस-पन्नास ठिकाणी 'अप्लाय' दाबतात. पहिल्या महिन्यात दोन-चार फोन येतात, दुसऱ्या महिन्यात अर्जांचा कंटाळा येतो, तिसऱ्या महिन्यात घरातल्यांशी बोलणं कमी होतं. बाजार मंद असेल तर त्याला इलाज नाही. पण शोध मधेच कोलमडतो तो बहुधा कामाचा क्रम चुकल्यामुळे.

हा क्रम खाजगी क्षेत्रात काही वर्षं काम केलेल्यांसाठी आहे. उदाहरण चाकणच्या एका क्वालिटी इंजिनिअरचं घेतलंय. अकाउंट्स, स्टोअर, सॉफ्टवेअर टेस्टिंग अशा कुठल्याही कामाला तो थोड्या फरकाने लागू होतो. स्पर्धा परीक्षेची तयारी हा वेगळा मामला आहे, तो इथे नाही.

टप्पा १: आधी कागद

कंपनीचा मेल आणि एचआर पोर्टलचं लॉगिन शेवटच्या दिवशी संध्याकाळीच बंद होऊ शकतं. म्हणून नोटीस पिरियड चालू असतानाच हे उतरवून घ्या: नेमणूकपत्र, पगारवाढीची पत्रं, शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप, आधीच्या वर्षांचे फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या आयकराचा दाखला). रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवाचं पत्र कधी मिळेल ते मेलवर विचारा. तोंडी 'देतो' म्हणणाऱ्याची पुढच्या महिन्यात बदली झालेली असते. कंपनीची ड्रॉइंग, ग्राहकांच्या याद्या मात्र पेन ड्राइव्हवर घेऊ नका. त्याचा मुलाखतीत काडीचा उपयोग होत नाही आणि अंगाशी येऊ शकतं.

मग पीएफ. यूएएनला, म्हणजे तुमच्या कायमच्या पीएफ क्रमांकाला, चालू मोबाइल नंबर, आधार आणि बँक खातं जोडलेलं आहे का ते पाहा. सर्व्हिस हिस्टरीत नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने भरली आहे का, हेही पाहा. भरली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी तुम्ही स्वतः पोर्टलवर 'मार्क एग्झिट' करू शकता. ही तारीख महत्त्वाची आहे, कारण नवी कंपनी पार्श्वभूमी तपासताना हीच हिस्टरी मागते. रेझ्युमेवर 'जून' आणि पीएफमध्ये 'मार्च' असेल, तर हातातोंडाशी आलेली ऑफर अडकते.

सलग पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटीचा अर्ज द्या. पगारातून ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) कापलं जात असेल तर त्याच्या शाखा कार्यालयात अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेची चौकशी करा. नोकरी गेल्यावर सरासरी दैनिक वेतनाच्या ५० टक्के भत्ता, जास्तीत जास्त ९० दिवस आणि आयुष्यात एकदाच, असं तिचं स्वरूप आहे. ती मुदतवाढीवर चालते आणि तिला अटी आहेत, म्हणून आधी चौकशी आणि मग फॉर्म.

कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम बहुधा शेवटच्या दिवसाबरोबर संपतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, हे बाहेर पडण्याआधी विचारा. घरात मधुमेह, बीपी असेल तर हा फोन सगळ्यात आधी.

> तपासणी: सगळे कागद एका फोल्डरमध्ये, पीडीएफमध्ये, ओळखू येतील अशा नावांनी आहेत का? एचआरने संध्याकाळी मागितले तर दहा मिनिटांत पाठवता आले पाहिजेत.

टप्पा २: तग किती महिन्यांची

'बघू, भागेल' हा हिशोब नव्हे. महिन्याचा टाळता न येणारा खर्च एका कागदावर मांडा.

समजा, घरभाडं १२,०००, गाडीचा हप्ता ९,५००, किराणा आणि गॅस ८,०००, वीज-मोबाइल-इंटरनेट २,०००, आई-वडिलांची औषधं १,५००, प्रवास १,०००. बेरीज ३४,०००. बँकेतली शिल्लक, मोडता येणारी एफडी आणि कंपनीकडून येणारा शेवटचा हिशोब मिळून २,४०,००० असतील, तर तग साधारण सात महिन्यांची. शेवटच्या हिशोबाची रक्कम प्रत्यक्ष जमा होईपर्यंत तग तिच्याशिवायही मोजून ठेवा.

आता कॅलेंडरवर दोन तारखा लिहा. तीन महिन्यांचा पैसा उरेल ती पहिली, म्हणजे या उदाहरणात चार महिन्यांनी. त्या दिवसापासून शहर, पद किंवा पगार यांपैकी एका अटीवर माघार घ्यायची. कोणत्या अटीवर, ते आजच लिहून ठेवा. दीड महिन्याचा पैसा उरेल ती दुसरी. तेव्हा मिळेल ते काम धरायचं आणि शोध बाजूने चालू ठेवायचा. हे आजच ठरवायचं, कारण पाचव्या महिन्यात भीतीपोटी घेतलेला निर्णय नेहमी पगारावर येऊन आदळतो.

हप्ता चुकणार असं दिसलं तर चुकण्याआधी शाखेत जा. चेक किंवा ऑटो-डेबिट परत गेलं की दंड लागतो आणि क्रेडिट स्कोअर घसरतो, मग बोलणी अवघड होतात. क्रेडिट कार्डचं 'मिनिमम ड्यू' भरणं हा दिलासा नाही. उरलेल्या रकमेवर महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज चढत राहतं.

> इशारा: पीएफला हात सगळ्यात शेवटी. एकूण नोकरी पाच वर्षांपेक्षा कमी असेल तर काढलेली रक्कम बहुधा करपात्र ठरते, आणि ५०,००० च्या पुढे टीडीएसही कापला जातो. आधीच्या कंपन्यांचे पीएफ ट्रान्सफर केले असतील तर ती वर्षं धरली जातात, म्हणून आधी ट्रान्सफर, मग विचार. किती आणि कधी काढता येतं याचे नियम बदलत असतात; अर्ज करण्याआधी ईपीएफओच्या पोर्टलवर पाहा.

टप्पा ३: घरात एकदाच, नीट

सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचं आणि संध्याकाळपर्यंत कुठल्यातरी कॅफेत किंवा वाचनालयात बसायचं, हे करणारे कमी नाहीत. महिनाभर निभतं. मग एखाद्या ओळखीच्याचा घरी फोन येतो आणि नोकरी गेल्यापेक्षा लपवल्याचं दुःख मोठं होऊन बसतं.

वर काढलेला कागद समोर ठेवून नवरा-बायकोने आणि शक्य असेल तर आई-वडिलांनीही एकदा बसावं. तीनच गोष्टी सांगायच्या: पैसा किती महिन्यांचा आहे, कोणता खर्च थांबवतोय, त्या दोन तारखा कोणत्या. आणि एक मागणं मागायचं: 'काय झालं?' हे रोज विचारू नका, शनिवारी संध्याकाळी पंधरा मिनिटं मीच सांगेन. शनिवार पाळला की रोजचं विचारणं आपोआप थांबतं. एक शनिवार टाळलात की सोमवारी आई विचारणारच.

लग्नाकार्यात भेटणाऱ्यांसाठी एक वाक्य तयार ठेवा: "शोध चालू आहे काका. चाकण-रांजणगाव बाजूला क्वालिटीत कुणी ओळखीचं असेल तर नंबर द्या." काकांना उत्तरही मिळतं आणि कामही लागतं. विषय तिथेच मिटतो.

टप्पा ४: वही

दोनशे पानी साधी वही घ्या. एक्सेल चालेल, पण ते उघडायला लॅपटॉप लागतो आणि लॅपटॉप उघडला की रील्स लागतात. प्रत्येक अर्जाला एक ओळ: तारीख, कंपनी, पद, कुठून कळलं (पोर्टल, ओळख, कन्सल्टन्सी), कोणता रेझ्युमे पाठवला, पुढची तारीख, आणि कुठवर पोचलं. शेवटच्या रकान्यात पाचच शब्द वापरायचे: पाठवला, फोन, मुलाखत, ऑफर, बंद.

'पुढची तारीख' हा रकाना रिकामा ठेवायचा नाही. अर्जानंतर सहा-सात कामाच्या दिवसांनी एक आठवण, त्यानंतर दहा दिवसांनी दुसरी आणि शेवटची. तरी उत्तर नाही तर ओळ आडवी मारून 'बंद'. एचआरचं 'कळवतो' हे वाक्य महिनोन्महिने डोक्यात घेऊन फिरणं फार थकवतं, त्याला वहीत अंत्यविधी हवा. पुढे त्यांनी फोन केलाच, तर ओळ पुन्हा उघडता येते.

टप्पा ५: रेझ्युमे

दोन पानं, एकच कॉलम, साधा फॉन्ट. फोटो, रंगीत पट्ट्या, कौशल्यापुढे 'पाचपैकी चार' असे दाखवलेले तारे काढून टाका. बऱ्याच कंपन्यांत रेझ्युमे आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि दोन कॉलमची रचना किंवा चित्रात बसवलेली अक्षरं त्याला नीट उचलता येत नाहीत. पडताळणी सोपी आहे: पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे ओळींची खिचडी झाली, तर तिकडेही तीच होणार.

आता मजकूर. बहुतेक रेझ्युमेंवर जबाबदाऱ्या असतात, काम नसतं.

आधी: "इनकमिंग आणि इन-प्रोसेस इन्स्पेक्शनची जबाबदारी सांभाळली."

नंतर: "दोन शिफ्ट, ६ इन्स्पेक्टर. बेअरिंग हाऊसिंग लाइनवर रिजेक्शन ३.२ वरून १.८ टक्क्यांवर आणलं. बोअर साइजला गो–नो गो गेजऐवजी एअर गेज बसवून तासाला एक मोजमाप सुरू केलं. ग्राहकाच्या ११ तक्रारींचे ८डी रिपोर्ट स्वतः बंद केले."

दुसऱ्या मजकुरावर प्रश्न विचारता येतात, म्हणून फोन येतो. आकडा आठवत नसेल तर जुन्या सहकाऱ्याला विचारा. शोधून काढता आला नाही तर लिहू नका. तांत्रिक फेरीत फुगवलेला आकडा दुसऱ्याच प्रश्नाला फुटतो.

शंभर जाहिरातींसाठी शंभर रेझ्युमे करत बसू नका. दोन किंवा तीन पुरे: एक सप्लायर क्वालिटीसाठी, एक प्लांट क्वालिटीसाठी. प्रत्येक अर्जाच्या वेळी वरच्या चार ओळी आणि कौशल्यांचा क्रम तेवढा बदलायचा.

> तपासणी: रेझ्युमे, नोकरी डॉट कॉम, लिंक्डइन आणि पीएफची सर्व्हिस हिस्टरी, चारही ठिकाणी नोकऱ्यांचे महिने सारखे आहेत का?

टप्पा ६: अर्ज कमी, फोन जास्त

सकाळी साडेनऊ ते एक, एवढाच शोधाचा वेळ. दुपारनंतर पोर्टल उघडायचं नाही. दिवसभर शोधणारा माणूस खरं म्हणजे दिवसभर मोबाइल चाळत असतो आणि संध्याकाळी दमून म्हणतो की आज काहीच झालं नाही.

पहिला अर्धा तास पोर्टलचा. नोकरी डॉट कॉमवर नोटीस पिरियडच्या जागी '१५ दिवस किंवा कमी' निवडा. लगेच रुजू होणारा माणूस अनेकांना हवा असतो आणि रिक्रुटर त्यावर चाळणी लावतात. उमेदवार अलीकडे कधी लॉगिन झाला होता, यावरही चाळणी लागते, म्हणून रोज लॉगिन करून प्रोफाइलमधली एखादी ओळ सुधारा. राज्य सरकारचं महास्वयम् आणि केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस या दोन्हींवर एकदा नोंदणी करून ठेवा. जिल्ह्यातल्या रोजगार मेळाव्यांची माहिती तिथे मिळते.

पुढचे दोन तास नीट वाचून केलेले तीन ते पाच अर्ज. जाहिरातीतल्या अटींपैकी निम्म्याहून जास्त बसत असतील तरच.

उरलेला तास माणसांचा, आणि सगळे टाळतात तो हाच. रोज दोन जणांना निरोप: जुने बॉस, कंपनी सोडून गेलेले सहकारी, सप्लायरकडचा क्वालिटीचा माणूस, ऑडिटला येणारे, कॉलेजचे सीनिअर. रोजच्या कामात ज्यांनी तुमचं काम पाहिलंय ते आधी, नातेवाईक नंतर.

"सर, पाहा काही असेल तर" असा निरोप पाठवू नका. समोरच्याने काय पाहायचं ते त्याला कळत नाही, आणि तो 'नक्की' लिहून विसरतो. असं लिहा:

"नमस्कार सर. २०२१ मध्ये हाऊसिंग लाइनवर मी तुमच्या हाताखाली होतो. मागच्या महिन्यात आमचा विभाग बंद झाला. सप्लायर क्वालिटी, पुणे किंवा संभाजीनगर, लगेच रुजू होऊ शकतो. तुमच्या सध्याच्या प्लांटमध्ये या कामासाठी कोणाशी बोलावं, एवढं सांगितलंत तरी पुष्कळ होईल. रेझ्युमे सोबत जोडतोय."

यात मागितलंय ते एक नाव, आणि नाव देणं कुणालाही जड जात नाही.

> इशारा: रजिस्ट्रेशन फी, ट्रेनिंग डिपॉझिट, लॅपटॉपचं अनामत, 'गेट पास' यासाठी रुजू होण्याआधी पैसे मागणारा फसवतोय असं समजा, लेटरहेड कितीही खरं वाटो. ऑफर जीमेलवरून आली, मुलाखत फक्त व्हॉट्सअॅप चॅटवर झाली किंवा टेलिग्रामवर 'टास्क' करायला सांगितलं, तर तिथेच थांबा. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत सरकत जाते.

टप्पा ७: पंधरा दिवसांनी निदान

सगळ्या लेखाचं मर्म इथे आहे, म्हणून जरा थांबून वाचा. 'मला कुणी घेत नाही' हे निदान नव्हे. शोध कुठेतरी एका सांध्यात अडकलेला असतो आणि तो सांधा वही दाखवते. दर दुसऱ्या शनिवारी ओळी मोजा. खालची मापं ढोबळ आहेत, पण दिशा कळायला पुरतात.

तीसेक नीट केलेले अर्ज आणि एकही फोन नाही: अडचण रेझ्युमेत किंवा निवडलेल्या पदात आहे. मुलाखतीची तयारी करून इथे काही हलणार नाही. त्याच क्षेत्रातल्या एका सीनिअरला रेझ्युमे वीस सेकंद दाखवा, परत घ्या आणि विचारा, "मी काय काम करतो?" त्यांना सांगता आलं नाही तर वरच्या चार ओळी नव्याने लिहा.

फोन येतात, पण पुढे जात नाहीत: इथे पगार, गाव किंवा रुजू होण्याची तारीख आडवी येते. पहिल्याच फोनवर अपेक्षित पगाराचा एकच चढा आकडा सांगणं ही नेहमीची चूक. आधी विचारा, "या पदासाठी बजेट साधारण किती आहे?" ते नाही सांगितलं तर 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असा पट्टा सांगा, आणि खालचा आकडा असा ठेवा की तो मिळाला तरी तुम्ही खरंच जाल.

पहिल्या फेरीनंतर थांबतं: तांत्रिक तयारी कमी पडते. मुलाखत संपल्यावर रिक्षात किंवा बसमध्ये बसल्या बसल्या विचारलेले सगळे प्रश्न वहीच्या मागच्या पानांवर लिहा. पाच मुलाखतींनंतर दिसतं की तेच आठ-दहा प्रश्न फिरून येताहेत. तयारी त्यांचीच करायची.

शेवटच्या फेरीपर्यंत जाऊन राहतं: इथे बहुतेकदा तुमच्यात दोष नसतो. आतला उमेदवार असतो, पद गोठवलेलं असतं, कुणी कमी पगारावर तयार होतं. फक्त एक पाहा: संदर्भ म्हणून दिलेली माणसं फोन उचलतात का आणि काय बोलतात. बाकी काही बदलू नका. इथे पोचून रेझ्युमे मोडणारे पुन्हा पहिल्या सांध्यावर येऊन पडतात.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पंधरा दिवस थांबा. रेझ्युमे, पद, शहर आणि पगार एकदम बदलले, तर फरक कशाने पडला ते कळत नाही.

टप्पा ८: 'मधल्या काळात काय केलं?'

हा प्रश्न येणारच. तीन वाक्यांत संपवा: का थांबलं, काय केलं, आता काय हवंय. "विभाग बंद झाल्याने मार्चमध्ये बाहेर पडलो. त्यानंतर ओळखीच्या एका वर्कशॉपची गेज कॅलिब्रेशनची नोंदवही लावून दिली आणि कोअर टूल्सची उजळणी केली. आता सप्लायर क्वालिटीतच काम हवंय." मग गप्प बसा. चौथं वाक्य जुन्या मॅनेजरबद्दल असतं आणि तेच नडतं.

दुसरं वाक्य खरं असायला हवं, म्हणून चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून दुपारी काहीतरी छोटं काम धरा: कुणाच्या जीएसटी रिटर्नची नोंद, आयटीआयच्या मुलांना मापन शिकवणं, वर्कशॉपची कागदपत्रं. पैसे थोडे मिळतील. पण आठवड्याला तीन दुपारींपेक्षा जास्त देऊ नका, नाहीतर शोध बाजूला पडतो. अजून जुन्याच कंपनीत आहे असं मात्र सांगू नका, पीएफमध्ये दिसतं.

टप्पा ९: नकाराचा दिवस

नकाराचा मेल आला की वहीत 'बंद' लिहा, एका ओळीचं आभाराचं उत्तर पाठवा आणि त्या दिवसाचा शोध थांबवा. त्याच तिरिमिरीत केलेले अर्ज वाया जातात. चुकीच्या कंपनीचं नाव असलेलं पत्र जातं ते याच तासात. रविवारी शोध पूर्ण बंद. उठण्याची वेळ नोकरीत होती तीच ठेवा. दुपारी उठायला लागलात की अर्जही रात्री दोनला जायला लागतात.

> इशारा: दोन आठवड्यांहून जास्त झोप किंवा भूक उडाली असेल, अंथरुणातून उठवत नसेल, जगण्याचा कंटाळा आल्याचे विचार येत असतील, तर वही बाजूला ठेवा आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर बोला. फोन मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबू नका, आजच फोन करा आणि घरातल्या एकाला जवळ बसवून घ्या.

टप्पा १०: ऑफर आल्यावर

फोनवरचं 'सिलेक्ट झालात' म्हणजे ऑफर नव्हे. पत्रात पद, ठिकाण, रुजू होण्याची तारीख आणि पगाराची फोड असली पाहिजे. वर्षाच्या आकड्यातून कंपनीचा आणि तुमचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी, कामगिरीवर मिळणारी रक्कम आणि कर वजा करून महिन्याला हातात काय पडेल ते काढा, आणि टप्पा २ च्या ३४,००० शी ताडून पाहा. नेमणूक थेट कंपनीच्या पेरोलवर आहे की कंत्राटदाराच्या, हे स्पष्ट विचारा. कंत्राटी असेल तर पीएफ कोण भरणार आणि मुदत किती, तेही लेखी घ्या. बॉण्ड असेल तर रक्कम आणि महिने वाचल्याशिवाय सही नको.

चालू असलेल्या बाकीच्या मुलाखती लगेच रद्द करू नका. रुजू होण्याच्या तारखा पुढे ढकलल्या जातात, कधी ऑफर मागेही घेतली जाते. रुजू झालात, ओळखपत्र हातात आलं, की त्यांना कळवा. ज्यांनी नाव पुढे केलं होतं त्यांना त्याच दिवशी फोन करा. पहिला पगार खात्यात जमा होईपर्यंत वही कपाटात टाकू नका.